मामांचा कापूस मळका का दिसला?

वेचणीचे दिवस होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी मामांनी ओसरीत कापसाची गंजी लावली, मोबाइलवर फोटो काढला आणि व्यापाऱ्याला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: माल मळका दिसते, भाव कमी लागेल. मामा फोन घेऊन थेट माझ्यासमोर. "आता सांग बा, डोळ्यानं पाह्यला त पांढराफेक, अन् फोटोत राखेवानी. काऊन?"

व्यापाऱ्याला निमित्तच हवं असेल, ते सोडा. पण फोटो खरोखरच राखाडी होता.

कॅमेऱ्याला कापूस माहीत नसतो. समोरून उजेड किती येतो, एवढंच तो मोजतो. याला मीटरिंग म्हणतात. येणारा उजेड भरपूर आहे तो ऊन कडक म्हणून, की वस्तूच पांढरी म्हणून, हे नुसत्या मोजणीतून कळत नाही. म्हणून कॅमेरा एक जुना अंदाज धरून चालतो: समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असणार, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला साधारण १८ टक्के परत पाठवणारं. झाडं, माणसं, आभाळ, रस्ता असं सगळं मिळून असलं की हा अंदाज बरा जमतो. चौकटभर कापूस आला की फसतो. 'बापरे, किती हा उजेड' म्हणून कॅमेरा फोटो गडद करतो आणि शुभ्र रुई राखेच्या रंगावर उतरते. म्हशीचं याच्या उलट होतं. काळी म्हैस चौकट भरून उभी राहिली की कॅमेरा उजेड वाढवतो आणि म्हैस धुरकट, पिठाळलेली दिसते. आजचे फोन दृश्य ओळखायचा प्रयत्न करतात, तरी अशा ठिकाणी अजून चुकतात.

उपाय सोपा आहे. बहुतेक फोनांत पडद्यावर गंजीला बोट लावलं की शेजारी छोटासा सूर्य दिसतो, तो वर सरकवायचा. याचं भारदस्त नाव एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. मोठ्या कॅमेऱ्यात हेच अधिक एक, अधिक दोन अशा आकड्यांत असतं, आणि प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट होतो.

मामांचा पुढचा प्रश्न मात्र अवघड होता: "पण हा मोजते कायनं?"

सेन्सरने. सिलिकॉनच्या त्या चकतीवर प्रकाश टिपणारे कोट्यवधी बारीक कप्पे असतात. एकेका कप्प्याला कमरेला ओटी बांधलेली वेचणारी बाई समजा. प्रकाशाचा कण पडला की सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन सुटतो आणि ओटीत जमा होतो. वेळ संपली की प्रत्येकीची ओटी काट्यावर जाते आणि वजनाचा आकडा लिहिला जातो. नेहमीच्या फोटोत शेवटी हा आकडा ० ते २५५ मधला असतो. अशा आकड्यांचा तक्ता म्हणजे डिजिटल फोटो, आणि तक्त्यातलं एक घर म्हणजे पिक्सेल. ओटी शिगोशीग भरल्यावर आणखी आलेला कापूस सांडतो, त्याची नोंदच होत नाही. भर दुपारच्या फोटोत आभाळ कोरं पांढरं येतं ते यामुळे. तिथला निळा रंग नंतर कितीही खटपट केली तरी परत येत नाही.

वेचणी किती वेळ चालली, तो शटर स्पीड. पोळ्याला पळणारे बैल सेकंदाच्या तिसाव्या भागात टिपले तर पुसट येतात. पाचशेव्या भागात टिपले तर शिंगांचे गोंडेही मोजता येतात. प्रकाश आत यायचं भोक म्हणजे अ‍ॅपर्चर. त्याचा एफ-आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, कारण तो भागाकार आहे: भिंगाची फोकल लांबी भागिले भोकाचा व्यास. बहुतेक फोनांत हे भोक कायमचं ठरलेलं असतं, म्हणून तिथे फार अडकायचं कारण नाही.

आयएसओ मात्र समजून घ्यावा. संध्याकाळी उजेड कमी, ओटीत जेमतेम मूठभर कापूस. अशा वेळी कॅमेरा आलेलं वजन चारपट, आठपट वाढवून नोंदतो. वजनातली बारीकसारीक चूकही मग तितक्याच पटीने वाढते. अंधारातल्या फोटोवर जी रवाळ खसखस दिसते ती हीच. तिला नॉइज म्हणतात.

आता मेगापिक्सेल, म्हणजे दहा लाख पिक्सेल. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्यात १०० गुणिले १०० म्हणजे दहा हजार पिक्सेल होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आज दुकानदार ५० मेगापिक्सेलचं कौतुक सांगतो. पण वावर तेवढंच ठेवून बाया वाढवल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला कापूस कमी येणार. फोनचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, कित्येकदा त्याहूनही लहान. मोठ्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा ३६ गुणिले २४ मिलिमीटर. म्हणून असे फोन बहुधा चौघींच्या ओट्या एकाच गाठोड्यात रिकाम्या करतात आणि साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतात. जाहिरातीत हे बारीक अक्षरात असतं. माझं स्पष्ट मत: आकडा पाहून फोन घेऊ नये, संध्याकाळच्या उजेडात फोटो काढून पाहावा.

रंगाची युक्ती मला सगळ्यांत आवडते. एकटा कप्पा रंग ओळखत नाही. कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांनी कप्प्यांवर रंगीत काचा बसवायची रचना शोधली, तिचं पेटंट १९७६ चं. निम्मे कप्पे हिरवे, पाव लाल, पाव निळे. हिरवे जास्त, कारण आपला डोळा उजेडातले बारकावे हिरव्याच्या आसपास जास्त टिपतो. प्रत्येक ठिकाणचे उरलेले दोन रंग कॅमेरा शेजाऱ्यांवरून हिशेबाने भरतो. म्हणजे फोटोतला दोनतृतीयांश रंग अंदाजाचा! त्यात मामांनी गंजीवर निळी ताडपत्री ताणलेली. तिच्यातून येणारा उजेडच निळसर, मग कापूस शुभ्र कसा येणार? उजेडाचा हा कल ओळखून रंग सुधारणं म्हणजे व्हाइट बॅलन्स. ताडपत्री काढणं हा त्याहून स्वस्त उपाय.

शेवटची चाळण व्हॉट्सअ‍ॅपची. फोटो पाठवताना तो दाबून लहान केला जातो, जेपेग पद्धतीने. चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे चौकोन पाडायचे, त्यातले डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून द्यायचे. यामागचं गणित १९७४ मध्ये मांडणाऱ्या तिघांपैकी नासिर अहमद मूळचे बंगळुरूचे. कापसाच्या भावासाठी या काटछाटीने फारसं बिघडत नाही. पण डोमकळीतली, म्हणजे अळी लागल्याने न उमललेल्या फुलातली, गुलाबी बोंडअळी लहान असताना पांढुरकीच असते, आणि कृषी सहायकाला नेमका तोच बारकावा हवा असतो. म्हणून असा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे तो दाबला जात नाही.

मामांनी ताडपत्री काढली, सूर्य वर सरकवला, नवा फोटो घेतला. मी सांगितलं नसतानाही हौसेने डॉक्युमेंट म्हणून व्यापाऱ्याला धाडला. थोड्या वेळाने निरोप आला: "हे काय पाठवलं भाऊ, उघडूनच नाही राह्यलं."