ग्लॉक पिस्तूल 'प्लास्टिकची', म्हणून विमानतळावर सापडत नाही?

ही अफवा 1980च्या दशकात अमेरिकेत उठली आणि अजूनही फिरते आहे. ग्लॉक 19 शेजारी सीझेड 75 कॉम्पॅक्ट ही चेक पिस्तूल ठेवली, की अफवेचा उगम कळतो. दोन्ही 9 एमएम, आकारही जवळपास सारखा. पण सीझेडची चौकट पोलादी, त्यामुळे रिकाम्या पिस्तुलाचं वजन 900 ग्रॅमच्या वर. ग्लॉकची चौकट पॉलिमरची, म्हणजे टणक प्लास्टिकची, म्हणून तिचं वजन सुमारे 600. दिवसभर कमरेला बाळगणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो. नेम धरताना मात्र जड सीझेड हातात जास्त स्थिर वाटते, धक्काही कमी देते.

आता ग्लॉक उघडून बघा. पॉलिमरची आहे ती मुख्यतः मूठ आणि खालची चौकट. वरची स्लाइड, म्हणजे गोळी झाडताना मागेपुढे सरकणारा भाग, पोलादी, नळी पोलादी, स्प्रिंगा पोलादी. स्लाइड ज्यावर सरकते त्या पट्ट्याही पोलादीच, पॉलिमरमध्ये बसवलेल्या. मॅगझिनलाही, म्हणजे गोळ्यांच्या पेटीलाही, आतून धातूचं अस्तर. एवढं पोलाद मेटल डिटेक्टर सोडेल कसा? एक्स-रेमध्ये तर पॉलिमरची मूठही दिसते.

शिवाय पॉलिमर ही ग्लॉकची करामत नव्हेच. जर्मनीच्या हेक्लर अँड कॉखने 1970 मध्येच तशी पिस्तूल बाजारात आणली होती. तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.