माग आणि मालदांडी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. माग चालू केला की चादर आपोआप विणली जाते, भोकं पाडलेल्या जॅकार्ड कार्डांवरून मोरही उमटतो. पण असा माग शंभर वर्षं चालवला तरी तो दुसरा माग काही विणणार नाही. मालदांडी ज्वारीचा दाणा मात्र काळ्या रानात, जमिनीतल्या ओलीवर, कणीस देतो आणि त्यातला दाणा पुन्हा पेरता येतो.

अवकाशातल्या उद्योगाबद्दल वाचताना याच दोन गोष्टींची गल्लत होते. स्वयंचलित कारखाना म्हणजे माग. स्वतःची प्रत काढणारा म्हणजे दाणा. चंद्रावर दहा स्वयंचलित कारखाने हवेत तर दहाही इथूनच न्यावे लागतील. १९८० साली नासाच्या अभ्यासगटाने वेगळा आराखडा मांडला: १०० टनांचं एक ‘बी’ न्यायचं, ते चंद्राची माती आणि सूर्याची ऊर्जा वापरून वर्षभरात आपल्यासारखंच दुसरं उभं करील. दरवर्षी दुप्पट, म्हणजे दहा वर्षांत १,०२४. अर्थात कागदावर!

यातली खरी मेख गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४०च्या दशकातच ओळखली होती. स्वतःची प्रत काढणाऱ्या यंत्राला सूचनांची फीत दोनदा वापरावी लागते. एकदा ती वाचून नवं यंत्र बांधायचं, आणि मग अर्थ न लावता, जशीच्या तशी उतरवून त्या यंत्रात ठेवायची. सोलापुरात हे समजावणं सोपं. कार्डांची माळ मागावर चढवली की मोर विणला जातो. शेजारच्या मागाला तोच मोर हवा असेल तर नव्या पुठ्ठ्यावर भोकाला भोक जुळवायचं. जुळवणाऱ्याला मोर कळलाच पाहिजे असं नाही. हे दुसरं काम राहिलं तर यंत्राला मूल होईल, नातवंड होणार नाही.

घोडं अडतं ते मालापाशी. चंद्राच्या मातीत वजनाने ४० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन आहे, सिलिकॉन, लोखंड, ॲल्युमिनियमही आहे, कार्बन-नायट्रोजन नावापुरते. म्हणून त्या आराखड्यातही ९० ते ९६ टक्केच स्वावलंबन धरलं होतं. चिपसारखे नाजूक भाग पृथ्वीवरूनच जायचे. अशा भागांना या क्षेत्रात चक्क ‘जीवनसत्त्वं’ म्हणतात. बाथ विद्यापीठात २००५ साली सुरू झालेल्या रेपरॅप प्रकल्पाचा थ्रीडी प्रिंटर आपले प्लास्टिकचे भाग स्वतः छापतो, तरी मोटर आणि सर्किट बाजारातूनच आणावी लागतात. ‘स्वतःला जन्म देणारा रोबो’ अशी बातमी दिसली की मी आधी त्याची मोटर कुठून आली ते शोधतो.