अन्नमहागाई (भारत)

अन्नपदार्थांचे किरकोळ भाव वाढत राहणे म्हणजे अन्नमहागाई होय. गरीब कुटुंबाच्या मिळकतीचा मोठा वाटा पोटापाण्यावरच खर्च होत असल्याने विकसनशील देशांत तिची झळ अधिक बसते. भारताच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या (किरकोळ भावांतील बदल मोजणाऱ्या सरकारी आकड्याच्या) २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत अन्न व पेये या गटाचा भार, म्हणजे निर्देशांकातील वाटा, ४५.८६ टक्के होता. त्यामुळे जुलै २०२३ मध्ये टोमॅटो कडाडताच किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्क्यांवर गेला.

भाव चढले की कुटुंबे सहसा भाकरी-भात सोडत नाहीत. आधी डाळ, दूध, भाजीपाला आणि फळे यांना कात्री लागते, मग कपडालत्ता व किरकोळ खरेदी लांबणीवर पडते आणि कारखानदारी मालाची मागणीही मंदावते. रेशनवरील धान्यामुळे उपासमार टळते, पण ताटातला भाजीपाला रेशनवर मिळत नाही. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेवर महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, २ ते ६ टक्क्यांच्या मर्यादेत, राखण्याची जबाबदारी आहे. मात्र व्याजदर वाढवल्याने बाजारातली आवक वाढत नाही, ही या धोरणाची उघड अडचण आहे.

भाव वाढला म्हणजे शेतकऱ्याचे भले झाले, हा समजही फारसा खरा नाही. अल्पभूधारक आणि शेतमजूर वर्षातील बराच काळ धान्य विकतच घेतात. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील एका अभ्यासनिबंधानुसार कांद्यासाठी ग्राहक मोजत असलेल्या रुपयातील सुमारे ३६ पैसेच शेतकऱ्याच्या हाती पडतात.

नाशिक जिल्ह्यातील कांदा हे याचे ठळक उदाहरण आहे. उन्हाळ कांदा (उन्हाळ्यात निघणारा, टिकाऊ) कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर साठवणगृहात, साठवून दिवाळीपर्यंत पुरवला जातो. साठ्यात सड व घट वाढली आणि पावसामुळे खरिपाचा लाल कांदा लांबला, की मधल्या काळात भाव उसळतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, तेव्हा जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. डिसेंबरात थेट निर्यातबंदी आली, ती लाल कांद्याच्या ऐन हंगामात. हा कांदा टिकत नसल्याने तो पडेल त्या भावाने विकावा लागतो. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तीही टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून.