पुन्हा विचारण्याचा घोळ

'एकदा क्लाउडवर गेलं की अ‍ॅप्लिकेशन बंद पडत नाही,' असं क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं मिळणारे सर्व्हर, विकणारे ठासून सांगतात. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या नॉर्दर्न व्हर्जिनियातल्या एस-थ्री या साठवणसेवेत काही सर्व्हर काढून घेण्याचा आदेश देताना चूक झाली, भलतेच जास्त सर्व्हर निघाले आणि सेवा सुमारे चार तास ठप्प झाली. सेवांची स्थिती दाखवणारं पानही एस-थ्रीवरच अवलंबून असल्यामुळे तेही अद्ययावत करता येईना!

असे बिघाड होणारच. पण दोन सेकंदांच्या अडखळण्यातून तासभराचा खोळंबा होतो तो बहुतेकदा रिट्रायमुळे, म्हणजे उत्तर न आल्यास तीच विनंती पुन्हा पाठवण्यामुळे.

समजा एकाखाली एक तीन सेवा आहेत आणि तळाशी डेटाबेस. प्रत्येक सेवा एकदा विचारते, अपयश आलं की आणखी तीनदा. डेटाबेस अडखळला की वरच्या एका विनंतीमागे त्याच्यावर ४ × ४ × ४ = ६४ विनंत्या आदळतात. त्याहून वाईट म्हणजे, टाइमआउट झाल्यामुळे, म्हणजे वाट पाहण्याची ठरलेली मुदत संपल्यामुळे, विचारणारा केव्हाच निघून गेलेला असतो, तरी रांगेतल्या त्या जुन्या विनंत्यांवर डेटाबेस राबतच राहतो. ताज्या विनंत्या मागे पडतात, त्यांचाही टाइमआउट होतो, पुन्हा रिट्राय. मूळ बिघाड दुरुस्त झाला तरी हे चक्र थांबत नाही.

उपाय : रिट्राय एकाच थरावर ठेवायचा. दोन प्रयत्नांमधली वाट दुप्पट करत न्यायची : १००, २००, ४००, ८०० मिलिसेकंद. तेवढ्यानं भागत नाही. सगळे एकाच क्षणी अपयशी ठरलेले असतात, त्यामुळे ते परतही एकाच क्षणी येतात. म्हणून ही वाट कमाल मर्यादा धरायची आणि प्रत्यक्ष थांबण्यासाठी शून्य ते त्या मर्यादेपर्यंतचा कुठलाही यादृच्छिक आकडा निवडायचा. जुन्या इथरनेटमध्ये एकाच तारेवर संदेशांची टक्कर झाली की हेच केलं जाई, आणि १६ प्रयत्नांनंतर नाद सोडला जाई. हे नाद सोडणंही महत्त्वाचं आहे. सतत अपयश येत असेल तर ३० सेकंद विचारणंच बंद ठेवायचं, मग एकच चाचणी-विनंती सोडायची. ती पार पडली तरच रस्ता खुला.

पैसे वळते करण्यासारख्या कामात आणखी एक पथ्य. काम झालेलं असतं, फक्त उत्तर वाटेत हरवतं. तेव्हा विनंतीसोबत एक एकमेव क्रमांक द्यावा, म्हणजे तो पूर्वी आला असल्यास सर्व्हर काम पुन्हा न करता जुनंच उत्तर देईल. क्रमांक पहिल्या प्रयत्नाआधी एकदाच तयार करायचा. अनेक जण तो रिट्रायच्या लूपच्या आत, म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला नवा, तयार करतात आणि पैसे दोनदा कापले जातात.

जुनं अ‍ॅप्लिकेशन क्लाउडवर नेताना तर काहीच न बिघडता रिट्रायचं हे वादळ उठू शकतं. एक पान डेटाबेसला एकामागून एक २०० क्वेऱ्या, म्हणजे माहितीच्या मागण्या, करतं. डेटाबेस शेजारच्या यंत्रावर असेल आणि जाऊन येण्याची एक फेरी ०.२ मिलिसेकंदात होत असेल, तर फेऱ्यांत जेमतेम ४० मिलिसेकंद जातात. अ‍ॅप्लिकेशन क्लाउडवर गेलं, डेटाबेस जुन्या जागी राहिला आणि फेरी २० मिलिसेकंदांची झाली, की तेच पान ४ सेकंद घेतं. टाइमआउट ३ सेकंदांचा असेल तर रिट्राय लगेच सुरू. तेव्हा दोन्ही एकत्र हलवा, नाहीतर आधी त्या २०० क्वेऱ्यांच्या ५ करा.