दोनशे छप्पन्न वेळा चुकीचा पासवर्ड

२०१२ साली मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेस सर्व्हरांच्या (माहिती साठवून मागेल तशी पुरवणाऱ्या प्रोग्रामांच्या) काही आवृत्त्यांत एक विलक्षण दोष सापडला. कुठलाही चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा देत राहिलं, की सरासरी २५६ प्रयत्नांत एकदा सर्व्हर आत घ्यायचा. वापरकर्त्याचं नाव तेवढं माहीत हवं, आणि ‘रूट’ हे सर्वाधिकार असलेल्या मुख्य खात्याचं नाव जवळपास सगळीकडे असतंच. एवढे प्रयत्न करायला प्रोग्रामला एक सेकंदही पुरे.

हे होत कसं होतं? पासवर्ड तपासताना सर्व्हर त्यापासून काढलेले दोन ठसे, म्हणजे गणिताने बनवलेले सांकेतिक आकडे, ताडून पाहतो. ताडणारं फंक्शन उत्तरादाखल एक आकडा देतं: शून्य आला तर ठसे जुळले, दुसरं काहीही आलं तर नाही. हा आकडा मोठाही असू शकतो. पण तो ठेवला गेला एका बाइटच्या जागेत, जिथे जेमतेम २५६ वेगवेगळ्या किमती मावतात. समजा उत्तर आलं ५१२, म्हणजे २५६ ची बरोबर दुप्पट. त्याचा खालचा बाइट शून्य, वरचा भाग कापला गेला, आणि सर्व्हरने वाचलं ‘जुळलं’! प्रत्येक जोडणीला सर्व्हर नवी यादृच्छिक संख्या मिसळतो, म्हणून पासवर्ड तोच असला तरी उत्तर दर वेळी वेगळं येई. सगळ्याच यंत्रांवर हे घडत नव्हतं. ताडणारं फंक्शन कुठल्या लायब्ररीतलं (तयार कोडच्या संग्रहातलं), यावर ते ठरे. असा दोष चाचणीत निसटणं किती सोपं आहे, हे मला फार अस्वस्थ करतं.

दोष दुरुस्त करणारा पॅच निघाला की धोका टळतो, असंही नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये आलेल्या मजकुराची लांबी न मोजताच तो मेमरीत उतरवला जाई. जास्तीचा मजकूर शेजारच्या जागेत सांडे आणि त्यातल्या सूचना सर्व्हर स्वतःच पाळू लागे. यावरचा पॅच जुलै २००२ मध्येच आला होता. तरीही २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ हा अवघ्या ३७६ बाइटांचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, सुटला आणि दहा मिनिटांत बहुतेक सगळ्या असुरक्षित सर्व्हरांपर्यंत पोहोचला. किमान ७५,००० यंत्रं बाधित झाली. त्याला पासवर्ड लागलाच नाही. १४३४ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हरशी बोलायचं दार, इंटरनेटवरून उघडं असणं पुरेसं होतं.

पॅच हाताशी असून लावला का नाही? काही ठिकाणी आळस, काही ठिकाणी चालू सेवा बंद पडायची भीती. पण याच सर्व्हरची छोटी आवृत्ती इतर अनेक सॉफ्टवेअरबरोबर आपोआप बसत असे. आपल्या यंत्रावर डेटाबेस सर्व्हर चालू आहे, याचाच कित्येकांना पत्ता नव्हता.