अमेरिकेतली दोन वर्षांची नर्सिंग पदवी आली कुठून?

अमेरिकेतल्या एखाद्या कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजचा, नर्सिंगचा अभ्यासक्रम चाळला, तर आपल्याकडच्या वाचकाला पहिल्यांदा खटकतो तो इंग्रजी निबंधलेखनाचा पेपर. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायोलॉजी, मानसशास्त्र, मानवी वाढ आणि विकास, कुठे संख्याशास्त्र तर कुठे समाजशास्त्र, आणि त्यात हे इंग्रजी. यातले बरेच विषय नर्सिंगला प्रवेश मिळण्याआधीच पास व्हावे लागतात. त्यामुळे नावाला दोन वर्षांची असलेली ही असोसिएट पदवी प्रत्यक्षात अनेकांची तीन वर्षं घेते. नर्सला निबंध कशाला, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर १९५१ सालच्या एका प्रबंधात आहे. पण त्याआधी हॉस्पिटलांकडे बघायला हवं.

१८७३ मध्ये न्यूयॉर्कचं बेलव्ह्यू, न्यू हेवन आणि बॉस्टन या तीन ठिकाणी नाइटिंगेलच्या धर्तीवर नर्सिंगच्या शाळा निघाल्या. शाळेचा पैसा आणि कारभार हॉस्पिटलपासून वेगळा असावा, हा नाइटिंगेलबाईंचा मूळ आग्रह. तो तिथे फार काळ टिकला नाही. शाळा काढली की वॉर्डासाठी जवळजवळ फुकट हात मिळतात, हे हॉस्पिटलांच्या लवकरच लक्षात आलं आणि शाळांचं पीक आलं. विद्यार्थिनी दिवसाचे दहा-बारा तास वॉर्डात राबायच्या. थकूनभागून आल्यावर संध्याकाळी एखादं लेक्चर, तेही डॉक्टरांना सवड असली तर. वॉर्डात टायफॉइडचे पेशंट असले की टायफॉइड शिकायचा. रात्रपाळीला माणूस कमी पडलं की वर्ग बुडायचा. तीन वर्षांनी डिप्लोमा मिळायचा, पण त्या तीन वर्षांतलं शिक्षण किती आणि चाकरी किती, याचा हिशेब कुणी मांडत नव्हतं.

तो पुढे मांडला गेला. १९२३ मध्ये जोसेफीन गोल्डमार्क आणि १९४८ मध्ये एस्थर ल्युसील ब्राउन या समाज-अभ्यासक बायकांच्या अहवालांनी नर्सिंगचं शिक्षण हॉस्पिटलच्या तावडीतून काढून उच्च शिक्षणाच्या छत्राखाली आणा, असंच सांगितलं. दोन्हींच्या मधे महायुद्ध होऊन गेलं. १९४३ मध्ये सरकारने कॅडेट नर्स कोअर ही नर्सेस घडवण्याची योजना उभारून शिकण्याचा काळ ३६ महिन्यांवरून ३० वर आणला, आणि त्यातून सव्वा लाखाच्या आसपास नर्सेस बाहेर पडल्या. अभ्यासक्रम आखडला म्हणून आभाळ कोसळत नाही, हे त्यातून दिसलं होतं. शिवाय १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या उच्च शिक्षण आयोगाने गावोगावी दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं काढायचा पुरस्कार केला. म्हणजे जागा तयार होत होती.

मिल्ड्रेड मॉन्टॅग यांनी हे सगळे धागे एकत्र गुंफले. युद्धाच्या काळात ॲडेल्फी कॉलेजात त्यांनी नर्सिंगची शाळा उभी केली होती. सुरुवातीला म्हटलेला १९५१ चा प्रबंध त्यांचाच. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात केलेल्या त्या प्रबंधात त्यांचा मुद्दा साधा होता: तीन वर्षांतली हॉस्पिटलची बिनपगारी सेवा वजा केली, तर उरलेलं शिक्षण दोन वर्षांत बसतं. नर्सिंगच्या कामाचा पल्ला मोठा आहे. एका टोकाला मदतनिसाची कामं, दुसऱ्या टोकाला गुंतागुंतीचे व्यावसायिक निर्णय आणि मधे खाटेजवळचं रोजचं काम. त्या मधल्या कामासाठी त्यांना ‘नर्सिंग टेक्निशियन’ घडवायचा होता. आणि ते कॉलेज असल्यामुळे ढोबळमानाने निम्मे विषय नर्सिंगचे आणि निम्मे सर्वसामान्य शिक्षणाचे. इंग्रजीचा पेपर आला तो असा.

१९५२ मध्ये सात कॉलेजं आणि एक हॉस्पिटल घेऊन पाच वर्षांचा प्रयोग सुरू झाला. कॅलिफोर्नियातलं पॅसाडेना, यूटामधलं वेबर ही त्यातली दोन कॉलेजं. हॉस्पिटलच्या शाळा साधारणपणे लग्न झालेल्या बाईला दारातूनच परत पाठवायच्या, पुरुषांना तर बहुतेक ठिकाणी मज्जावच. कॉलेजात संसार सांभाळून येणाऱ्या, वयाने मोठ्या बायका बसू लागल्या, पुरुषही आले. मला विचाराल तर विषयांच्या यादीइतकाच हा बदल महत्त्वाचा आहे, पण त्याची चर्चा कमी होते.

वॉर्डातलं शिकणंही पालटलं. आता शिक्षिका आधी ठरवते की या आठवड्यात काय शिकवायचं, आणि त्याला साजेसे एक-दोन पेशंट विद्यार्थ्याला देते. तो त्यांची केस वाचून केअर प्लॅन, म्हणजे शुश्रूषेचा आराखडा, लिहून आणतो. समजा पेशंटला ०.२५ मिलिग्रॅम डिगॉक्सिन, हे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध, लिहून दिलंय आणि ट्रेमध्ये ०.१२५ च्या गोळ्या आहेत. दोन गोळ्या, हे गणित सोपं आहे. पण गोळी देण्याआधी स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, आणि मोठ्या माणसाचे ते ६० च्या खाली असले तर डोस थांबवून कळवायचं. का थांबवायचं, हे शिक्षिका तिथेच विचारते. दशांशचिन्हाआधीचं शून्य गाळायचं नाही आणि नंतरचं फालतू शून्य लिहायचं नाही, कारण ५.० चे ५० वाचले गेले तर दहापट डोस जातो. ड्युटी संपली की सगळे एकत्र बसून दिवसाची उजळणी करतात. जुन्या शाळेतल्या मुलीला अख्खा वॉर्ड सांभाळायचा असे, तिला हे चैनीचं वाटलं असतं.

मॉन्टॅग यांचा एक बेत मात्र साफ फसला. ‘टेक्निशियन’ हे नाव रुजलंच नाही. दोन वर्षांवाले इतरांसारखीच राज्याची परवाना परीक्षा देऊ लागले, पास होऊ लागले आणि तेच ‘रजिस्टर्ड नर्स’ हे बिरुद लावू लागले. परवाना एक म्हटल्यावर काम एक, आणि मग अभ्यासही परीक्षेकडे ओढला जाणारच. मेडिसिन, सर्जरी, प्रसूती, बालरुग्ण आणि मनोरुग्ण असे तेव्हा परीक्षेचे पाच पेपर असत. १९८२ पासून त्यांच्या जागी एनक्लेक्स ही एकसंध परवाना परीक्षा आली, १९९४ मध्ये ती संगणकावर गेली, आणि २०२३ पासून तिच्यात एकाच पेशंटची हकीकत उलगडत नेऊन पुढे काय कराल, असं विचारणारे प्रश्न आले. सिम्युलेशन लॅबमधल्या बोलत्या, घोरत्या पुतळ्यांवर हल्ली इतके तास जातात, त्यामागे ही परीक्षाही आहे.

दोन वर्षं पुरेशी की चार हवीत, हा वाद १९६५ पासून चालू आहे. त्या वर्षी अमेरिकन नर्सेस असोसिएशनने व्यावसायिक नर्सला चार वर्षांची पदवीच हवी, अशी भूमिका घेतली. नॉर्थ डकोटाने तसा नियमही केला आणि २००३ मध्ये मागे घेतला. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये मधला मार्ग काढला: सुरुवात दोन वर्षांच्या पदवीवर करा, पण दहा वर्षांत चार वर्षांची पूर्ण करा. आपल्याकडे जीएनएमचा नर्सिंग डिप्लोमा करून नोकरीला लागलेल्या सिस्टर पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी ही पदवी करतात, त्याच्याशी हे मिळतंजुळतं आहे.

महाराष्ट्रातून अमेरिकेला निघालेल्या नर्सलाही हीच एनक्लेक्स द्यावी लागते. अनेक राज्यांत त्याआधी तिच्या शिक्षणाची कागदपत्रं तपासली जातात आणि विषयवार थिअरीचे आणि वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाचे तास बघितले जातात: मेडिसिन-सर्जरी, प्रसूती, बालरुग्ण, मनोरुग्ण. परीक्षेतून ते पेपर जाऊन चाळीसवर वर्षं झाली, पण एखाद्या विषयाचे तास कमी भरले तर आजही अर्ज तिथेच अडकू शकतो.