मोटर-पंप जोडणी : चावी आणि कपलिंग बसवताना

१० एचपी, चार पोलची मोटर घ्या. १३२ फ्रेम (मोटरच्या आकाराचा क्रमांक), ३८ मिमी शाफ्ट, त्यावर १०×८ ची चावी, म्हणजे शाफ्ट आणि कपलिंग (मोटर व पंपाचे शाफ्ट जोडणारा भाग) एकत्र फिरवणारी १० मिमी रुंद, ८ मिमी उंच पोलादी पट्टी. १४४० आरपीएमला सुमारे ५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चावीच्या एका कडेवर जवळपास २६५ किलोचा जोर. डीओएल स्टार्टरवर (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा) सुरू होताना तो दुपटीच्याही वर जातो. हा जोर चावीने उभ्या बाजूंवर झेलायचा असतो, माथ्यावर नाही.

म्हणून चावी रुंदीत घट्ट आणि वर मोकळी हवी. शाफ्टमधला कीवे (चावी बसायची खाच) ५ मिमी खोल, कपलिंगमधला ३.३, चावीची उंची ८. वर ०.३ मिमी फट उरते ती मुद्दाम ठेवलेली असते. कृपया तिच्यात पत्रा ठोकू नका. पत्रा घातला की कपलिंग एका अंगाला उचललं जातं, सेंटर सुटतं आणि मोटर थरथरते. चावी बसवून शाफ्टच्या चावीसमोरच्या विरुद्ध बाजूपासून चावीच्या माथ्यापर्यंत व्हर्नियर लावा : ४१ मिमी यायला हवं. जास्त आलं तर चावी कीवेच्या तळाला टेकलेली नाही. कीवेतली बर (कडेला उरलेला धातूचा काटा) कानशीने काढा.

रुंदीत ढिली चावी मात्र एक दिवसही चालवू नका. प्रत्येक स्टार्टला ती कीवेच्या भिंतीवर आपटते. आधी लालसर भुकटी दिसते, मग कडा फाकतात. चावी पाच मिनिटांत बदलते, शाफ्टसाठी मोटर उघडावी लागते. म्हणजे झिजायचंच तर शाफ्टऐवजी चावी झिजावी; याचसाठी आम्ही चावी ईएन ८ ची (मध्यम कार्बनचं पोलाद) देतो. टूल स्टीलची कडक चावी मागितली तरी देत नाही.

कपलिंग हातोड्याने ठोकून चढवलं तर मार थेट बेअरिंगच्या गोळ्यांवर बसतो आणि थोड्याच दिवसांत आवाज सुरू होतो. शाफ्टच्या टोकाला एम १२ चं आटे पाडलेलं भोक असतं. त्यात स्टड लावा, जाड वॉशर ठेवून नट आवळत कपलिंग आत घ्या.

स्टार रबर (कपलिंगच्या दोन भागांमधलं चांदणीच्या आकाराचं रबर) वारंवार झिजतंय, गार्डखाली (कपलिंगवरच्या झाकणाखाली) काळी भुकटी पडतेय? नुसतं रबर बदलून भागणार नाही, अलाइनमेंट (दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का) पाहा. मेन स्विच बंद करून फ्यूज काढा. मोटरच्या पायाचे बोल्ट एकेक सैल करा. डायल गेजवर पाय ०.०५ मिमीपेक्षा जास्त उचलला तर आधी तिथे शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घाला, मगच डायलने लाइन जुळवा.

ऑर्डर देताना शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने दोन ठिकाणी मोजून, कीवेची रुंदी, एचपी आणि आरपीएमसह कळवा. जुन्या कपलिंगच्या बोअरचं (आतल्या भोकाचं) माप पाठवू नका; ते झिजून मोठं झालेलं असू शकतं.